दोन घरं, कशावरून?

पुरवणीत आपली अक्कल काढली आहे हे तिला कळलं, तेव्हा तिचे दोन्ही हात प्लास्टरने बरबटले होते. ती दातांच्या कवळ्या बनवायची. सकाळपासून चौथा साचा ओतत होती, आणि समोरचा सहकारी कालचा रविवारचा पेपर उघडून मोठ्याने वाचत होता.

"ऐका, मावशी! 'एका वाचक भगिनींना आमचं कोडं चुकीचं वाटतं. प्याद्याने जाता-जाता मारण्याचा नियम त्यांना ठाऊक नसावा. आधी नियम शिकावेत, मग चुका काढाव्यात.' तुमच्याबद्दलच आहे की!"

सगळी खोली हसली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नियम ठाऊक नसावा! बाराव्या वर्षापासून ती बुद्धिबळ खेळत होती. समोरच्याचं प्यादं पहिल्या घरातून एकदम दोन घरं येऊन आपल्या प्याद्याच्या शेजारी बसलं, तर ते एकच घर आलंय असं समजून तिरकं मारता येतं. पण ते लगेच, पुढच्याच खेळीत. एक खेळी मध्ये गेली की हक्क संपला. कोड्यात तर समोर नुसतं चित्र असतं, आधी काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून असं मारायचं असेल तर काळ्याची शेवटची खेळी तीच होती, दुसरी असूच शकत नव्हती, हे पटावरूनच सिद्ध व्हावं लागतं. उस्तादांच्या कोड्यात ते होत नव्हतं. एवढंच तिने पत्रात लिहिलं होतं, तेही 'सादर नमस्कार' घालून.

उस्ताद म्हणजे वीस वर्षं पुरवणीत बुद्धिबळाची कोडी देणारे गृहस्थ. त्यांना सगळे उस्तादच म्हणत, आणि तेही स्वतःला तसंच म्हणवून घेत.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तशी ती घडीचा पट पिशवीत घालून थेट पेपरच्या कचेरीत गेली. उस्ताद खिडकीपाशी चहा पीत होते. तिने त्यांचा कप बाजूला सरकवला आणि सोंगट्या मांडल्या.

"सांगा, काळ्याची शेवटची खेळी कोणती?"

"या प्याद्याची. दोन घरं."

"कशावरून?"

"अहो बाई, एकच घर आलं असतं तर आधी ते इथे असतं, आणि इथून पांढऱ्या राजाला शह बसला असता. तो शह तसाच ठेवून पांढरा दुसरी खेळी करेल का?"

"नाही करणार. तेवढं कबूल. आणि काळा राजा?"

"त्याचं काय?"

"तो कोपऱ्यात असू शकतो, तिथून एक घर सरकला असेल. प्यादं आधीपासूनच इथे बसलेलं. मग मारायचा हक्क कुठून आणलात?"

उस्तादांनी राजा उचलला, कोपऱ्यात ठेवला, परत आणला. दोनदा. मग गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"बघू," ते म्हणाले. "एवढं बारीक कोण बघतं?"

"मी बघते! कवळी केसभर चुकली तर माणसाला घास चावता येत नाही. तुम्ही मला चारचौघांत अडाणी ठरवलंत."

"बघू म्हटलं ना."

पुढच्या रविवारी खुलासा आला: 'गेल्या कोड्याच्या आकृतीत छपाईच्या चुकीमुळे कोपऱ्यातला एक हत्ती राहून गेला. पुरवणीचं पान लावणाऱ्यास समज देण्यात आली आहे.'

तिने तो तीनदा वाचला. नवरा म्हणाला, "चला, चूक मान्य केली. आता शांत हो."

"शांत? चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीय, आणि मी शांत होऊ? तो हत्ती कोड्यात कधी नव्हताच!"

सोमवारी ती पुन्हा कचेरीत. पान लावणारा पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस होता. तिने विचारल्यावर त्याने मुकाट्याने खण उघडला. उस्तादांच्या हातची मूळ आकृती त्यात होती. कोपरा मोकळा.

"मी आहे तस्संच लावलं, ताई. पण मोठ्या माणसांपुढे बोलायचं कसं?"

"तुम्ही नका बोलू. मी आहे ना. चला."

ती त्याला घेऊन संपादकबाईंच्या खोलीत शिरली. उस्तादांनाही बोलावणं गेलं. मूळ कागद टेबलावर ठेवून ती म्हणाली, "यात राहून गेलेला हत्ती कुठे आहे, ते उस्तादांनी दाखवावं."

संपादकबाईंनी कागद पाहिला, छापलेलं पान पाहिलं आणि विचारलं, "उस्ताद, हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"मग यांना समज कशाबद्दल दिली मी?"

तिचे कान अजून तापलेलेच होते.

तिसऱ्या रविवारी तीन ओळी आल्या. चूक कोड्यातच होती, पान लावणाऱ्याचा दोष नव्हता. तिचा उल्लेख नाही, 'क्षमस्व' नाही.

"झालं ना? जिंकलीस!" नवरा म्हणाला.

"कसली जिंकले? मला शिव्या घालायला अकरा ओळी होत्या. मोजल्यात मी."

त्याच आठवड्यात तिच्या नावाने एक पाकीट आलं. आत उस्तादांचं नवं कोडं आणि चिठ्ठी: 'छापण्याआधी तपासून द्यावे.' खाली नमस्कारसुद्धा नव्हता.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तिने लिहिलं, 'पान लावणाऱ्या गृहस्थांची समोर उभं राहून माफी मागा. मग सांगते.' आणि पाकीट परत धाडलं.

कोडं तिने त्याआधीच सोडवलं होतं. तासभर शोधूनही त्यात एक चूक सापडली नव्हती, आणि त्याचाही तिला संताप आला होता.