परीक्षा विभागाचा शेवटचा नंबर

मुळाकाठ विद्यापीठाचं ॲप नव्याने करायचं काम कंपनीला मिळालं, तेव्हा आम्रपाली ओव्हाळला वाटलं होतं, हे हसतखेळत होईल. जुनं ॲप इतकं वाईट होतं की काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरली असती. निकालापर्यंत पोचायच्या आत ते एकदा तरी बंद पडायचंच.

नव्याचं बरंचसं काम उरकल्यावर ती एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसली. मुलांना एकेक करून समोर बसवायचं, जुनं ॲप उघडायला लावायचं आणि त्यांची बोटं कुठे अडतात ते बघायचं, हा तिचा रिवाज. नाजिमा शेख नावाची मुलगी आली. केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलेलं.

"समजा, परीक्षेचं काहीतरी अडलं. ॲपमध्ये कुठे जाशील?" आम्रपालीने विचारलं.

"कुठेच नाही, मॅम. सगळे फोन करतात." नाजिमाने संपर्काचं पान काढून दाखवलं. "हे वरचे सगळे नंबर डेड आहेत. हा शेवटचा लागतो. एक काका उचलतात. आमच्या ग्रुपवर सीनियर्सनी पिन करून ठेवलाय."

आम्रपालीने नंबर पाहिला आणि पेन खाली ठेवलं. तो तिच्या वडिलांचा नंबर होता. तात्याराव ओव्हाळांना परीक्षा विभागातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. घरी त्यांना सारखे फोन यायचे. सगळ्यांना वाटायचं, विहार समितीचे असतील, नाहीतर जुन्या सहकाऱ्यांचे.

क्षणभर तिला अभिमानच वाटला. 'अगं, ते माझे बाबा,' असं ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात नाजिमा म्हणाली, "पण प्लीज, नवीन ॲपमधून तो काढाच. त्यांच्यामुळे माझी वाट लागली."

झालं होतं असं. एका पेपरात नाजिमाला अगदीच कमी मार्क पडले. काकांनी फोनवर सांगितलं, आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव, नीट बघ, मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कर. तिने तसं केलं. फोटोकॉपी आली, एक अख्खं उत्तर तपासायचं राहिलेलं होतं. अर्ज करायला गेली तर कळलं, नियम बदलून वर्ष झालंय. आता दोन्ही अर्ज एकदमच करायचे असतात. मुदत संपलेली.

"काका गोड बोलतात हो," नाजिमा म्हणाली. "पण एमएस्सीच्या कटऑफला गोड बोलून काय करू?"

पुढच्या मुलाला आम्रपालीने काय विचारलं, हे तिला नंतर आठवेना.

त्या संध्याकाळी कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात नेहमीसारखी अडकली आणि आम्रपाली मधेच उतरून चालू लागली. चालून काही हडपसरचं घर येणार नव्हतं. पण बसवेना. घरी पोचली तेव्हा तात्याराव गॅलरीत येरझारा घालत फोनवर बोलत होते, "घाबरू नकोस बाळ. हॉल तिकिटावर नाव चुकलं तर आभाळ कोसळत नाही. काय करायचं, सांगतो."

हे तरी आता बरोबर असेल का? तिने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर नियम शोधला. त्यांनी सांगितलेलं बरोबर होतं. तिला हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच चीड आली.

जुन्यातून जसाच्या तसा उतरलेला तो नंबर तिने नव्या ॲपमधून काढून टाकला. वडिलांना मात्र सांगितलं नाही. आठवडाभर असंच चाललं. ताटावर बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठे जावं कळत नसे. फोन वाजला की तीच आधी दचकायची.

शेवटी आई, जया, भांडी विसळता विसळता म्हणाली, "सांगायचं नसेल तर दारं आपटू नकोस. दारं आपटायची असतील तर सांगून टाक. दोन्ही एकदम आमच्याकडे चालत नाही."

तेव्हा आम्रपालीने सांगितलं. सगळं, नाजिमाचं वाक्यसुद्धा.

तात्याराव आधी चिडले. "आमू, तीस वर्षं खिडकीवर बसलोय मी. मला नियम शिकवतेस? आणि लोकांनी फोन केले तर काय तोडून टाकू? तिकडे कोणी उचलतच नाही!"

"तेच म्हणतेय बाबा. तिकडे कोणी उचलत नाही, म्हणून तुम्ही सांगाल ते मुलं खरं मानतात. एकदा तरी कोणाला म्हणालात का, की मी निवृत्त झालोय?"

ते गॅलरीत गेले, आत आले, पंखा लावला, बंद केला. बऱ्याच वेळाने विचारलं, "नाव काय म्हणालीस त्या मुलीचं?"

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आम्रपालीने रजा टाकली आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून निघाली. आम्रपालीने रात्रीच फोन करून बोलावलेली नाजिमा विद्यापीठाच्या फाटकाशी उभी होती. तात्याराव तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "फोनवरचा तो काका मीच. माझी माहिती जुनी होती. चूक माझी आहे."

नाजिमाने त्यांच्याकडे पाहिलं, मग आम्रपालीकडे. "मॅम, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो," आम्रपाली म्हणाली.

परीक्षा विभागात तात्यारावांच्या खुर्चीवर आता साईनाथ बसत. पूर्वी ते त्यांच्याच हाताखाली होते. उठून उभे राहिले, चहा मागवला, पण कामाचं निघताच म्हणाले, "ओव्हाळसाहेब, आता सगळं सिस्टिमवर असतं. मुदत संपली की पान उघडतच नाही. आपण मनावर घेऊ नका. मुलांनी वेबसाइट बघायला हवी."

तात्याराव मान खाली घालून बसले. आम्रपालीला ते पाहवेना.

"सर, यांचा नंबर कोणाच्या ॲपवर आहे?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमच्या. माणूस निवृत्त झाला, त्याला तुम्ही हार घातलात, निरोप दिलात. नंबर काढायचं मात्र चार वर्षांत कोणाला सुचलं नाही. मुलीने विद्यापीठाच्या अधिकृत नंबरवरच विचारलं होतं. मग चूक नक्की कोणाची?"

साईनाथांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपण कंपनीतर्फे बोलताय का?"

"नाही. रजेवर आहे."

पण तिचा वरिष्ठ, अभिनव, याला दुपारपर्यंत फोन गेलाच. त्याने तिला झापलं, "क्लायंटला नंतर सुधारता येतं गं, आधी पेमेंट होऊ दे!" तिने ऐकून घेतलं. मात्र नव्या ॲपवर जिवंत माणूस उचलेल असा एक फोन असलाच पाहिजे, यावर ती अडून बसली. विद्यापीठाला चॅटबॉट हवा होता. भांडून भांडून शेवटी चॅटबॉट वर आणि त्याखाली कचेरीच्या वेळेतला एक नंबर, यावर मिटलं.

नाजिमाचा अर्ज खास बाब म्हणून घेतला गेला. मार्क वाढले. पण तोवर पुण्यातल्या केमिस्ट्री विभागाची प्रवेशयादी भरून गेली होती. तिने नगरच्या कॉलेजात नाव घातलं. आम्रपालीला तिचा एक मेसेज आला: 'ॲडमिशन झाली. काकांना सांगा.' आभार नव्हते, राग होता की नाही तेही कळत नव्हतं. तात्यारावांनी तो मेसेज तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला.

नवं ॲप सुरू झालं, मुलांच्या ग्रुपवरही नवा नंबर गेला आणि त्यांचा फोन गप्प झाला. आता ते अस्वस्थ. खाली भाजीवाला असताना बस पकडून मंडईत जायचे आणि मेथीची एक जुडी घेऊन परत यायचे. जया म्हणाली, "तिकिटाच्या पैशात शेत आलं असतं."

एका रविवारी बापलेक मेथी निवडत बसले असताना फोन वाजला. तात्यारावांनी ओले हात झटकून उचलला. कर्ज हवंय का, असं विचारणारी कॉल सेंटरची मुलगी होती. कर्ज नकोय म्हणून सांगितल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही. "आवाज लहान वाटतो. शिक्षण किती झालं बाळ?"

पलीकडून बरंच काही सांगितलं गेलं. दुसऱ्या वर्षाला विषय राहिला, कॉलेज सुटलं, आता परत बसता येईल का?

तात्याराव सरसावून बसले. "असं बघ, राहिलेल्या विषयासाठी आधी..."

आम्रपालीच्या हातातली काडी तशीच राहिली.

तात्याराव थांबले. त्यांनी कपाळ चोळलं, गॅलरीतून खाली बघितलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "पूर्वीचं माहीत होतं. तू असं कर, तुझ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला फोन लाव. नाही उचलला तर परत लाव. उचलेपर्यंत लाव. आणि हो, कोण बोलतंय, त्याचं नाव आधी विचारून घे."