वाऱ्याची सवय

थोरल्या सुनेला मुलगा झाला त्याच वर्षीची थंडी. पोर पाच महिन्यांचं, छाती भरलेली, श्वासागणिक बरगड्या आत जायच्या. डोंगर उतरून दवाखाना गाठला, तर सिस्टरने व्हरांड्यातली खाट दाखवली.

"आत खाटा रिकाम्या आहेत की," सून म्हणाली.

"त्या गावातल्यांना. तुम्हा डोंगरवाल्यांना वाऱ्याची सवय असते. मोठ्या साहेबांचा नियम आहे."

डॉक्टरीणबाई नवीनच आल्या होत्या. पोराची छाती तपासून त्यांनी औषध टोचलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. दार बंद होतं, तरी आवाज आम्हाला ऐकू येत होता. बाहेर आल्या त्या लालबुंद होऊन.

"साहेब काही ऐकत नाहीत, आजी. पण माझं टेबल तर माझं आहे ना? एक बाजू धरा."

मी धरली.

"हळू हो!" मी म्हटलं. "माझी कंबर तुमच्याहून म्हातारी आहे."

टेबल पोराच्या खाटेला लावलं. अंगावरची शाल त्यांनी वारा अडवायला कठड्याला बांधली आणि सिस्टरला बजावलं, "आजपासून सगळी पोरं इथेच तपासणार. गावातलीसुद्धा."

रात्रभर पोराची धाप काही कमी झाली नाही. सकाळी साहेबांच्या बायको खोकणाऱ्या नातीला घेऊन आल्या.

"अगंबाई, इथे? किती गार वारा झोंबतोय!"

"बसा वहिनी. सवय होते म्हणे. साहेबच सांगतात."

मी तोंडावर हात दाबला. वहिनींनी एकदा आमच्या पोराकडे पाहिलं, नातीला बाईंच्या हाती दिलं आणि साहेबांच्या खोलीत शिरल्या. या खेपेला आतून एकच आवाज येत होता, आणि तो साहेबांचा नव्हता.

दुपारी सिस्टर स्वतः खाट उचलायला आली.

"चला आजी, आत."

"राहू दे गं, आम्हाला सवय..."

"आता तुम्ही नका सुरू होऊ!"

तिसऱ्या दिवशी पोराने दूध मागून दवाखाना डोक्यावर घेतला, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. त्यानंतर डोंगरावरचं एकही पोर बाहेर झोपलं नाही. टेबल मात्र बाईंनी आत नेलं नाही. "राहू दे," म्हणाल्या, "साहेबांच्या डोळ्यांसमोर असलेलं बरं."

त्या नातवाच्या लग्नाला बाई काठी टेकत डोंगर चढून आल्या आणि दोन वेळा जेवल्या.

पुढच्या थंडीत डॉक्टरीणबाई वारल्या. त्यांना उचलताना एक बाजू नातवाने धरली होती.