बापाला ‘तुम्ही’

“तर मंडळी, ज्या एका वाक्यासाठी आपण सगळे इथे जमलोय, ते लिहिणारी बाई आज आपल्यात आहे. रोझविटा, जरा उभी राहतेस का?”

रोझविटा टेरहार्ट उभी राहिली. गुडघा कुरकुरला. हा मेळावा भरवणारा तिशीतला यानिक तिला आज सकाळीच पहिल्यांदा भेटला होता आणि भेटल्यापासून बेधडक ‘तू’ म्हणत होता. संगणकावरच्या जुन्या खेळांचं वेड असलेली ही सगळीच माणसं अनोळखी माणसालाही पहिल्या भेटीपासून अरे-तुरे करतात. सदुसष्टाव्या वर्षी ते कानाला खटकत होतं, पण तक्रार करायला अंगात त्राण लागतं, आणि ती पहाटे क्लेव्हहून निघून गाड्या बदलत ओबरहाउसेनला पोचली होती.

पडद्यावर खेळातलं चित्र होतं. दीपगृहाचं स्वयंपाकघर, चुलीपाशी उभी असलेली मुलगी, आणि दारात भिजून आलेला तिचा बाप. अकरा वर्षं घर सोडून गेलेला. खाली पांढऱ्या ठोकळेबाज अक्षरांत मुलीचं बोलणं उमटलं: ‘तुम्ही उशिरा आलात. बसा.’

साठ-सत्तर माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाने डोळे पुसले.

“सख्ख्या बापाला परक्यासारखं ‘तुम्ही’!” यानिक म्हणाला. “एका शब्दात आख्खं नातं संपवलं पोरीने. मूळ इंग्रजीत हे नाहीच. असली ताकद फक्त आपल्या जर्मन आवृत्तीत आहे. आणि ती हिची करामत.”

रोझविटा हसली आणि खाली बसली. तिला घरी जावंसं वाटलं.

ती करामत नव्हती, चूक होती. त्र्याण्णव साली, जेव्हा चित्रावर बाण नेऊन टिचकी मारायची, दिसेल ती वस्तू उचलून खिशात टाकायची आणि कुठली वस्तू कुठे चालते ते शोधत बसायचं, अशा खेळांचे दिवस होते, तेव्हा एका छोट्या कंपनीने ‘मिठाचं बेट’ नावाचा खेळ तिला भाषांतराला दिला. खेळ दाखवला नाही. नुसती छापील वाक्यांची चळत दिली, चार हजारांवर वाक्यं, कोण कोणाला बोलतंय याचा पत्ता नाही. मुदत दहा आठवडे. इंग्रजीला त्याचं काय, तिथे राजापासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना एकच ‘यू’. जर्मनमध्ये घरच्याला ‘तू’ आणि परक्याला ‘तुम्ही’. बापाला ‘तुम्ही’ म्हणणारी पोर शोधून सापडायची नाही. त्या वाक्याच्या वर कस्टमच्या साहेबाचं बोलणं होतं. रोझविटाला वाटलं, मुलगी साहेबालाच बसा म्हणतेय. तिने ‘तुम्ही’ लिहिलं आणि पुढच्या पानाकडे वळली.

दोन महिन्यांनी खेळाचा खोका घरी आला, तिने स्वतः खेळून पाहिला, आणि स्वयंपाकघराच्या त्या दृश्यापाशी तिला आपली चूक दिसली. ताबडतोब फोन केला. “डिस्का दुकानात गेल्या हो,” पलीकडचा माणूस म्हणाला, “आणि नाहीतरी कोण घेतंय!” ते मात्र खरं ठरलं. त्याच महिन्यात एक मोठा, गाजावाजा झालेला खेळ आला आणि ‘मिठाचं बेट’ सवलतीच्या टोपलीत गेलं. खोक्यावर रोझविटाचं नाव नव्हतं. पुढची पंचवीस वर्षं तिने धुलाईयंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित केल्या. चार हजार वाक्यं बरोबर होती, त्यांतलं एकही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जे चुकलं त्याला आज टाळ्या पडत होत्या.

आता यानिक आणि त्याचे दोस्त हा खेळ नव्या यंत्रांवर चालेल असा करून पुन्हा काढणार होते. ‘संध्याकाळपर्यंत वाक्यांवर नजर टाक, हवं ते बदल,’ असं त्याने कळवलं होतं. सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर या वेळी तिचं नाव येणार होतं. त्या एका वाक्यासाठीच ती आली होती. तीस वर्षं टोचणारं कुसळ एकदाचं काढून टाकायचं आणि परत जायचं. पण या टाळ्यांनंतर तोंड कसं उघडायचं, हे तिला कळेना.

कॉफीच्या टेबलापाशी तो टकला गृहस्थ तिच्याकडे आला. हातात आलुबुखारच्या केकची ताटली.

“टेरहार्ट बाई, मी हायको ब्रिंकमन. तुमचे आभार मानायचे होते.”

‘बाई’ आणि ‘तुम्ही’ ऐकून तिला बरं वाटलं. “बसा ना,” ती म्हणाली.

“मी तेरा वर्षांचा होतो,” हायको सांगू लागला. “वडील आम्हाला सोडून गेले होते. चार वर्षं ना पत्र, ना फोन. आणि एका रविवारी आले की हो! आई बाहेर गेलेली. दार मी उघडलं. त्याच आठवड्यात मी हा खेळ संपवला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘तुम्ही उशिरा आलात. बसा.’”

रोझविटाने कप खाली ठेवला.

“बसले. टोपी हातात धरून. दहा मिनिटं. मग म्हणाले, ‘तू मला तुम्ही म्हणालास?’ ते उठून गेले, ते गेलेच. दोन हजार नऊ साली वारले.” त्याने केकचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. “पण मी रडलो नाही त्यांच्यासमोर. ते वाक्य नसतं ना, तर मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो असतो. अब्रू राखलीत माझी.”

गळ्यात पडून रडला असता. आणि आपल्या चुकीने ते राहून गेलं. या माणसाकडे अब्रू म्हणून एवढं एकच आहे, ते काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, असं तिला वाटलं. गप्प राहावं. कॉफी संपवावी. पाचची गाडी मिळाली तर बरं.

“आता माझी मुलगी बारा वर्षांची आहे,” तो पुढे म्हणाला. “फ्रीडा. असते आईकडे, माझ्याकडे पंधरवड्याने येते. नवी आवृत्ती आली की पहिली तिला देणार. म्हणणार, बघ, असं बोलायचं असतं, ताठ मानेने.”

“नका देऊ,” रोझविटा म्हणाली.

“का?”

“ते वाक्य चुकलंय, ब्रिंकमनसाहेब. माझ्याकडून चुकलं. ती मुलगी बापाला ‘तू’ म्हणते. मला माहीतच नव्हतं कोण कोणाला बोलतंय.”

तो हसला. थट्टा समजून. मग त्याने तिचा चेहरा पाहिला.

“म्हणजे ती... रागावलेली नाहीये?”

“असेल थोडी. पण त्याची वाट बघत होती. टेबलावर दोन ताटल्या आहेत. त्यांच्यावर टिचकी मारली की ‘सूप अजून गरम आहे’ असं येतं. तेही मीच लिहिलंय.”

हायकोने केकची ताटली बाजूला सारली. “मी ताटल्यांवर टिचकी मारलीच नाही,” तो म्हणाला. “त्या उचलता येत नव्हत्या. जे उचलता येत नाही त्याच्याकडे आम्ही कधी बघायचोच नाही.”

रोझविटाला त्याचा हात धरावासा वाटला. धरला नाही. “मला माफ करा,” ती म्हणाली. ते कुठल्याही भाषेत तोकडंच पडलं असतं.

“मग कसं असायला हवं होतं? नीट सांगा एकदा.”

“‘उशीर केलास. ये, बस.’”

त्याने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. आणि चाळिशी ओलांडलेला तो माणूस तिथेच, कॉफीच्या किटल्यांसमोर, तेराव्या वर्षी राहून गेलेलं रडणं रडला. लोक वळून बघू लागले. यानिक धावत आला.

“काय झालं? रोझविटा, काय बोललीस याला?”

“यानिक, तो ‘तुम्ही’ काढ. तिथे ‘तू’ पाहिजे.”

“वेडबिड लागलंय का? लोक माझं डोकं फोडतील! वाटलंच तर चूक म्हण, पण सुंदर आहे ना?”

“सुंदर आहे, म्हणूनच तर पोरं ते पाठ करतात. काढ,” हायको नाक पुसत म्हणाला.

“अरे, मग हिचं नाव पाटीवर घालून काय सांगायचं लोकांना?” यानिकच्या तोंडून गेलं, आणि तो ओशाळला.

“नको घालूस,” रोझविटा म्हणाली. तिला वाईट वाटलं. आयुष्यात एकदा नाव छापून येणार होतं, क्लेव्हमध्ये शेजारणीला सांगूनही झालं होतं. तरी तिने यानिकचा संगणक पुढे ओढला, ओळ शोधली, आणि स्वतःच्या हाताने दोन्ही वाक्यं खोडून नवी लिहिली. एक मिनिटही लागलं नाही.

तेवढ्यात हायकोचा फोन वाजला. त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. फ्रीडाला पोहण्याच्या तलावावरून चारला घ्यायचं होतं. सव्वाचार झाले होते. फोन कानाला लावायच्या आधीच पोरीचा आवाज टेबलभर ऐकू आला.

“बाबा, कुठे मेलायस तू? तू ना, नेहमी असंच करतोस! केस ओले आहेत माझे, मी इथे एकटी उभी आहे!”

“अगं निघालो, हा काय...” पलीकडून फोन आपटल्यासारखा बंद झाला.

“चिडलीय,” हायको म्हणाला.

“पण काय म्हणाली तुम्हाला?” रोझविटाने विचारलं.

“‘तू’ म्हणाली,” तो म्हणाला. मग तो उठला. कोटाच्या एकाच बाहीत हात घातलेला, दुसरी बाही मागे लोंबकळतेय, अशा अवतारात तो खुर्च्यांना धडकत, माफी मागत, दाराकडे पळत सुटला.