खाडाखोड नसलेला फॉर्म

“बोलत नाही?” मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

“नाई बोलत. घुम्यावानी बसून राह्यते,” उकंडराव म्हणाले. त्यांची सून रुपाबाई शेजारीच पदर ओढून बसली होती. मी ‘होय’च्या चौकटीत खूण केली.

शहात्तर साल. वाशीमला एका खाजगी दवाखान्यात मी कारकून होतो. महिन्यातून एकदा बाहेरगावाहून मनोविकाराचे डॉक्टर यायचे. रोगी ते स्वतः तपासायचे आणि मी भरलेला फॉर्म मुंबईला कॉम्प्युटरकडे जायचा. माणसाचं आणि यंत्राचं निदान कितपत जुळतं, ते त्यांना पाहायचं होतं. मला एकच ताकीद होती: खाडाखोड केलेला फॉर्म बाद.

नजर देत नाही? होय. माणसांत मिसळत नाही? होय. बासष्ट प्रश्नांची उत्तरं सासऱ्यानंच दिली. मग ते पाणी प्यायला बाहेर गेले, तशी ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “दादा, चार मयन्याची पोरगी गेली माही. तवापासून कायच्यातच मन लागत नाही. हे कोनी कायले इचारत नाही?”

माझी बायकोसुद्धा माझ्या वडिलांसमोर तोंड उघडत नव्हती. मला कळलं नाही असं कसं म्हणू? पण फॉर्म भरून झाला होता, बाहेर रांग होती. सासरे परत आले आणि ती गप्प झाली. आत डॉक्टरांसमोरही सासरेच बोलले. तिला दूरच्या मनोरुग्णालयात धाडलं.

तीन महिन्यांनी मुंबईचा कागद आला. डॉक्टर भलतेच खूश. “जगदेव, रुपाबाईबद्दलचं माझं आणि यंत्राचं निदान तंतोतंत जुळलं!”

जुळणारच. दोघांनी सासऱ्यालाच तपासलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकलं. डॉक्टर फेरतपासणीची चिठ्ठी लिहून म्हणाले, “तुम्हीच घेऊन जा.”

ती मनोरुग्णालयातल्या बाकावर बसली होती. केस कापलेले, औषधांनी जीभ जड झालेली.

“बाई, तुमी बोलत नाही असं मीच लिवलं. चूक माही हाये.”

ती माझ्याकडे बघत सावकाश म्हणाली, “तुमची कायची चूक, दादा? सासऱ्याम्होरं मी कदी बोलली?”

आणि सरकून तिनं मला बसायला जागा केली. मी उभाच राहिलो.