मास्तरांचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी तीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून काढली होती, आणि गाडीत एकदाही डोळा मिटला नव्हता. तेव्हा आतड्याच्या तपासणीआधी नर्सने विचारलं, "काका, गुंगीचं इंजेक्शन घ्यायचं की जागं राहायचं?" तर त्यात विचार करण्यासारखं होतं काय? मास्तर म्हणाले, "जागं." शेजारी बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला.

खरं कारण वेगळंच होतं. थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरनेच गेला. गुंगीतून उठल्यावर त्याने "काय निघालं रे?" विचारलं, तेव्हा "काही नाही" म्हणणारे मास्तरच होते. आता आपल्यालाही असंच फसवतील, या धास्तीने ते अर्धे झाले होते.

टेबलावर कुशीवर झोपवल्यावर मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, ओळखलंत? रिव्हर्स घेताना तुमचं फाटक पाडलं होतं मी."

मास्तरांनी मान वळवून पाहिलं. "दोनदा," ते म्हणाले.

नळी आत निघाली. पहिल्याच वळणावर अशी कळ आली, की मास्तरांचा पाय ताठ झाला.

"काका, पाय का दाबताय?" नर्स म्हणाली.

"ब्रेक आहे तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाबू दे. सर, दुखलं की दाबायचा, मी थांबेन."

आणि पोरगी खरंच थांबायची. फाटक पाडणारी हीच का ती, असं मास्तरांना वाटायला लागलं. तिसऱ्या वळणानंतर मात्र ती आपणहून थांबली.

"मी दाबला नाही," मास्तर म्हणाले.

"पडद्यावर बघा, सर. मटाराएवढी गाठ आहे. आत्ताच काढते आणि तपासायला पाठवते. रिपोर्ट येईपर्यंत चांगलं म्हणणार नाही नि वाईटही नाही."

बाहेर बायकोने विचारलं, "काय निघालं?" मास्तरांच्या जिभेवर "काही नाही" तयारच होतं. ते त्यांनी गिळलं.

"गाठ निघाली. तपासायला गेलीय. मला भीती वाटतेय गं. आणि दादाशी मी खोटं बोललो होतो."

बायकोने त्यांच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. "दादांना सगळं ठाऊक होतं. मला म्हणाले होते, धाकट्याला कळू देऊ नकोस, बिचारा एवढं मन लावून खोटं बोलतोय."

पहिल्या सिग्नलला मास्तर हुंदके देऊन रडत होते. दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, गाडी दोन धक्के खाऊन सुटली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.