क्लाइवच्या नावाचं मीटर

नोलीन हॅरिंग्टनचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी छपरावर पॅनल धूत होतो. हल्ली तेच काम जास्त असतं. एके काळी आमच्या इंगम गावातल्या निम्म्या छपरांवर मी सोलर बसवलं, आणि आता लोक मला पक्ष्यांची घाण काढायला बोलावतात.

पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा तिचा इन्व्हर्टर बंद पडला होता. तिची घाई मला कळत होती. २०१२च्या जुलैत ठरलेल्या तारखेच्या आत ज्यांचा अर्ज गेला, त्यांची छपरावरची उरलेली वीज कंपनी युनिटला चव्वेचाळीस सेंट देऊन घेते, तेही २०२८पर्यंत. एक दिवस उशीर झाला त्यांना आठ सेंट. त्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण घरोघर अर्ज भरत पळत होतो. पुढे दर कोसळला तशी गिऱ्हाइकं आटली. सहाचे दोन झाले, मग मी एकटा, मग मीही माउंट आयझाच्या खाणीत तारा ओढायला गेलो. नऊ वर्षं काढून गेल्या वर्षी परत आलो. नियम करणाऱ्यांचा मला राग येतो आणि मी तो लपवत नाही.

नोलीनने चहा केला, भोपळ्याचे स्कोन पुढे ठेवले. मी तिला सांगितलं, की इन्व्हर्टर जुना होता तेवढ्याच क्षमतेचा बसवायचा. मोठा बसवला की चव्वेचाळीस गेले. बाकी काम सोपं. फक्त फॉर्मवर तिच्या नवऱ्याची, क्लाइवची सही हवी, कारण मीटर त्याच्या नावावर आहे आणि सहीशिवाय कंपनी नवीन यंत्र चालू करू देत नाही.

"क्लाइव नाहीये," ती म्हणाली.

"मग संध्याकाळी येतो."

"संध्याकाळीही नसतो तो."

मी मूर्खासारखा विचारून बसलो, मासे पकडायला गेलाय का.

"दफनभूमीत आहे, आल्डो. सहा वर्षं झाली."

मला खरंच माहीत नव्हतं. क्लाइव चांगला माणूस होता, मला फार वाईट वाटलं. पण मग बिल अजून त्याच्या नावावर कसं, असं मी विचारलं. ती मला बाहेर घेऊन गेली आणि मीटरच्या पेटीचं दार उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला जाड पेनाने तारीख लिहायची आमच्या धंद्यातली पद्धत आहे. तारखेखाली माझ्याच अक्षरात तीन ओळी होत्या. नाव बदलू नका. पॅनल वाढवू नका. २०२८पर्यंत मरू नका. त्या आठवड्यात मी हे प्रत्येक घरात लिहिलं होतं आणि प्रत्येक घरात लोक हसले होते. क्लाइव सगळ्यात जास्त हसला होता.

"तिसरं त्याला जमलं नाही," नोलीन म्हणाली. "म्हणून पहिलं मी पाळलं."

मग ती सगळं सांगत गेली. कंपनीचा फोन आला की क्लाइव आंघोळीला गेलाय म्हणायचं. एकदा तर तिने आतल्या खोलीत जाऊन त्याच्यासारखं खोकून दाखवलं होतं. त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला कंपनीचं शुभेच्छापत्र आलं, तेव्हा दोन दिवस ती रडत होती. छाती अधू, जानेवारीच्या उन्हाळ्यात एसीशिवाय तिला श्वास घेववत नाही, आणि पेन्शनमध्ये ते बिल भागत नाही. तो दर गेला असता तर तिला हे घर सोडावं लागलं असतं.

आणि आता मला तोंड उघडणं भाग होतं.

"नवऱ्याचं नाव बदलून बायकोचं केलं तर दर जात नाही, नोलीन. तेव्हाही जात नव्हता."

तिने दारावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "मग हे का नाही लिहिलंस?"

"घाईत होतो."

खरं तेच होतं, आणि मला त्याची लाज वाटली. अर्जाच्या दुसऱ्या पानावर ती सवलत छापलेली होती. मी ती वाचलीही होती.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी त्याला आंघोळीला बसवलंय, बाबा."

तिने मला आणखी काही सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने आत जाऊन कंपनीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीने क्लाइवशी बोलायचंय म्हटल्यावर नोलीनने डोळे मिटले.

"तो वारला," ती म्हणाली. "मी त्याची बायको."

मुलगी भली होती. तिने दुःख व्यक्त केलं, दोन-चार गोष्टी विचारल्या आणि सांगितलं, की दर आहे तोच राहील, आजपासूनच तुमचं नाव लावते. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि फॉर्म नोलीनपुढे सरकवला.

तिने तो बाजूला केला आणि फोनवरच्या मुलीला विचारलं, "पुढचं बिल कधी निघेल गं?"

"अकरा तारखेला."

"तेवढं त्याच्या नावावर येऊ दे. बाराला बदल."

म्हणजे तोवर सही नाही, आणि तोवर छप्पर बंद. तिची दोन आठवड्यांची विजेची कमाई बुडेल, हे मी तिला हळूच सांगितलं.

"कळतंय मला," ती म्हणाली. "सहा वर्षं त्याला दरासाठी ठेवलं. दोन आठवडे माझ्यासाठी राहू दे."