मातीत विरणारं वेष्टन

ताजिकिस्तानातल्या इस्फाराच्या बाजारात जर्दाळू आले की नवऱ्याच्या आठवणीने सओदतला जेवण गोड लागत नसे. तो, शोदमोन, तीन वर्षं रशियात विटा रचत होता. "गावात काम मिळू दे, मिळेल त्या गाडीने येतो," असं तो दर फोनला म्हणायचा.

आणि ते काम सओदतच्याच हाती होतं! प्रयोगशाळेत ती मक्याच्या स्टार्चमध्ये रानओव्याचं तेल घालून पातळ वेष्टन बनवत होती. त्यातल्या फळाला लवकर बुरशी धरत नसे, आणि फेकलं की दोन महिन्यांत ते मातीत विरे. फक्त दमट हवेत फाटायचं. फळांचे व्यापारी अकमल-अका कारखाना काढायला तयार होते.

"थोडं पॉलिथिन मिसळ की, पोरी," ते म्हणाले. "वर 'मातीत विरणारं' असं छापू. कोण उकरून बघतंय? शोदमोनला मुकादम करतो."

सओदतने मिसळलं. वेष्टन चांगलं चिवट झालं. ते घेऊन ती धावतच घरी आली.

"ओया, तुमचा मुलगा येणार!"

सासूबाई मोहिस्तोरा, ज्यांना ती ओया म्हणजे आई म्हणे, तंदूरला नान लावत होत्या. सगळं ऐकून त्यांचे डोळे भरले. मग हळूच म्हणाल्या, "हे खरंच विरेल?"

"स्टार्च विरेल. पॉलिथिनचा चुरा होईल."

"तो चुरा जाणार कुठे? आपल्याच पाटात ना? आपल्या तांबड्या गायीच्या पोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा कोणी काढला होता? शोदमोननेच."

"पण ओया, मला तो हवाय हो! तुम्हाला नाही वाटत?"

"मला? त्याच्या उशीचा अभ्रा मी अजून धुतला नाही, बये. पण हे खोटं तू त्याच्याच हातून खपवणार. तसा मुलगा परत आणून काय करू?"

सओदतने हातातलं वेष्टन खाली ठेवलं. अरे, नवऱ्याला मी काम देत होते की पापात भागीदार करत होते!

दुसऱ्या दिवशी तिने नकार दिला. "मग राहू दे नवरा तिकडेच!" अकमल-अका फटकन बोलले. ते तिला फार लागलं.

हिवाळाभर खपून तिने वेष्टनावर मधमाश्यांच्या मेणाचा थर बसवला. आता ते दमट हवेत टिकू लागलं. पुढच्या हंगामात गल्लीतल्या सहा बायकांनी त्यात जर्दाळू भरायला घेतले. पण त्या कमाईवर अजून दोन घरंही चालत नव्हती, म्हणून शोदमोन यंदाही आला नाही. पहिली पेटी मात्र त्यालाच गेली.

"सगळे शाबूत आहेत गं," तो फोनवर म्हणाला.

"आणि वेष्टन?"

"खिडकीतल्या कुंडीत पुरलंय. ते विरलं की निघतो, तोवर तिथलं कामही वाढेल."

मित्रहो, आपलं माणूस घरी यावं ही घाई कुणाला नसते? पण ते ज्या मातीत परतणार, ती माती त्याच्यासाठी जपणं हेसुद्धा वाट पाहणंच असतं.